अम्मीचा जोड फोटो

अब्बा २००६ साली पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. ईपीएस-९५ च्या पेन्शनसाठी अर्ज भरताना कळले की त्याला नवरा-बायकोचा जोड फोटो लागतो. लग्नाला पस्तीस वर्षे झाली होती आणि दोघांचा एकत्र असा एकही फोटो घरात नव्हता. अम्मीचा स्वतःचा म्हणावा असा एकच होता, मतदार ओळखपत्रावरचा. त्यात ती कोणीही असू शकली असती.

दोघांना घेऊन मी आकुर्डीकडच्या एका स्टुडिओत गेले. अम्मी स्टुलावर बसली ती जणू दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला बसली आहे अशी. फोटोवाला विशीतला मुलगा होता. म्हणाला, "दोन तासांनी या, जरा क्लीन करून ठेवतो." आम्हाला वाटले, काच पुसावी तसे काहीतरी असेल.

अम्मी सहा वर्षांची असताना तिला देवी आल्या होत्या. साल १९५८. देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात १९६२ मध्ये सुरू झाला, म्हणजे ती चार वर्षे आधी सापडली. तिच्या गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यापर्यंत वण होते. आम्हा भावंडांना ते कधी वेगळे दिसलेच नाहीत. तिचा चेहरा म्हणजे तोच. दोन तासांनी फोटो हातात आला तेव्हा अब्बांच्या शेजारी एक तुकतुकीत गालांची बाई बसलेली होती. साडी अम्मीची, डोळे अम्मीचे, बाकी कोणीतरी दुसरीच.

अर्ज ज्या टेबलावर पहिल्यांदा तपासला गेला, तिथल्या बाबूने फोटोकडे पाहिले, अम्मीकडे पाहिले, परत फोटोकडे पाहिले. "ह्या त्याच कशावरून?" अब्बा चिडले. माझ्या मते त्या माणसाचे काही चुकले नव्हते. आम्ही परत स्टुडिओत गेलो आणि मी सांगितले, "चेहऱ्याला हात लावू नकोस." मुलगा खरोखर नाराज झाला. "तसाच ठेवला तर चांगला नाही येणार, दीदी." दुसरा फोटो लागला, पेन्शन सुरू झाली.

पहिला फोटो मी टाकून देणार होते. अम्मीने तो माझ्या हातातून घेतला आणि आपल्या पेटीत, कपड्यांच्या घडीखाली ठेवला. नंतर कधीतरी तिला एकटीला तो बघताना मी पाहिले. तिने मला पाहिले तेव्हा हसून म्हणाली, "देवी नै आती तो मैं ऐसीच दिखती थी क्या गे?" आरशाची ओळख होण्याच्या वयापासून तिने हा चेहरा कधी पाहिला नव्हता. एका पोराने दोन तासांत तो तिला दाखवला.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. इतिहास माझा विषय नाही. पण त्या दिवसापासून फोटोतला चेहरा 'साफ' करण्याची ही रीत कुठून आली, हे वाचत राहिले. वाचले त्यातले काही सांगते.

फोटो दुरुस्त करण्याची कला फोटोइतकीच जुनी आहे. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल याने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच चेहऱ्याचे दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे असे दोन फोटो शेजारीशेजारी ठेवले, असे सांगितले जाते. पहिलेपणाचा मान त्याचाच का, यावर अभ्यासकांत वाद आहे; पण त्या सुमारास हे काम सगळीकडे सुरू झाले होते यात शंका नाही. आपल्याकडेही फोटो उशिरा आलेला नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक नामांकित फोटोग्राफर होते.

लोकांना वाटते, रिटचिंग म्हणजे नखरा. सुरुवातीला तो नखरा नव्हता, गरज होती. जुन्या काचेच्या प्लेटांना निळा रंग चटकन दिसे, तांबडा आणि पिवळा जवळपास दिसतच नसे. निळे आभाळ कोरे पांढरे येई आणि माणसाच्या कातडीतला तांबूसपणा काळपट येई. गोऱ्या युरोपियनाच्या गालावरचा पुटकुळीचा डागसुद्धा शाईच्या थेंबासारखा उमटे. गव्हाळ, सावळ्या माणसाचे काय होत असेल ते ओळखा. बर्लिनच्या हरमान फोगेल यांनी १८७३ मध्ये प्लेटमध्ये रंगद्रव्य मिसळून तिला हिरवे-पिवळे दिसायला शिकवले. तांबडे नीट दिसायला विसावे शतक उजाडले. मधल्या काळात कॅमेऱ्याचे हे आंधळेपण हातानेच भरून काढावे लागे.

ते कसे, हे मला एका जुन्या फोटोग्राफर चाचांनी समजावले. त्यांनी तरुणपणी पुण्यात कॅम्पातल्या एका स्टुडिओत हे काम केले होते. उतरत्या लाकडी चौकटीत दुधी काच, तिच्याखाली खिडकीचा उजेड वर फेकणारा आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची. तिच्यावर एक चिकटसर द्रव बोटाने अगदी हलका पुसायचा, म्हणजे शिसे धरते. पेन्सिलीचे टोक सँडपेपरवर घासून सुईसारखे लांब करायचे. आणि मग टिंब, टिंब, टिंब. एका चेहऱ्याला तास-दीड तास. चाचा म्हणाले, "रेघ ओढली की मेला. नुसते टिंब."

आता यातली खुबी बघा. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे पारदर्शक ठिपका म्हणून दिसतो. त्या ठिपक्यात शिसे भरले की फोटोत तो डाग उजळतो. म्हणजे पेन्सिल जिथे जिथे फिरेल तिथे तिथे चेहरा गोरा होणार. काळे करायचे असेल तर निगेटिव्हचा थर पात्याने खरवडावा लागे. हात जरा चुकला की भोक. उजळ करणे सोपे, सुरक्षित आणि गिऱ्हाइकाला आवडणारे. सावळे ठेवणे अवघड. आपल्या समाजाला गोऱ्या रंगाचे वेड होतेच, त्याला पेन्सिलीचा वाहता उतार मिळाला. १९७५ मध्ये बाजारात आलेली 'फेअर अँड लव्हली'ची ट्यूब निदान लावायला आठवडे घेई.

रंगीत फोटो आले तरी उतार तोच राहिला. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवून घेण्यासाठी नमुन्याचा एक फोटो पाठवी. त्यात एक गोरी अमेरिकन बाई असे. या नमुन्याला 'शर्ली कार्ड' हे नावच पडले. तिचा चेहरा बरोबर आला म्हणजे यंत्र बरोबर.

आमच्या दख्खनचा या इतिहासात मोठा वाटा आहे, आणि तो मुसलमान बायकांच्या पडद्याशी जोडलेला आहे. लाला दीनदयाळ मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे. ते हैदराबादेत आले, सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले आणि त्यांना 'राजा बहादूर मुसव्विर जंग' असा किताब मिळाला. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला. केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई तो सांभाळत आणि आत काम करणाऱ्या सगळ्या स्त्रियाच होत्या. पडद्यातल्या बायकांना परक्या पुरुषासमोर न येता फोटो काढता यावा म्हणून. माझ्या आजोळचे गाव तेव्हा त्याच निजामी मुलखात होते. उस्मानाबाद जिल्हा, आता धाराशिव. तिथल्या शेतकऱ्याच्या बायकोपर्यंत अर्थातच तो स्टुडिओ कधी पोचला नाही.

'मुसव्विर' हा शब्द मी वर्गात शिकवते तेव्हा थोडी थांबते. अर्थ रूप देणारा, आकार घडवणारा. दरबारात तो फोटोग्राफरचा किताब होता आणि कुरआनात ते अल्लाहचे एक नाव आहे. तसवीर काढावी की नाही हा वाद आपल्याकडे याच शब्दापाशी उभा राहतो. फोटोला परवानगी देणाऱ्यांचे एक म्हणणे असे की फोटो म्हणजे अक्स, पाण्यात किंवा आरशात पडते तसे प्रतिबिंब. माणूस त्यात काही घडवत नाही. मौलाना आझादांनी १९१२ मध्ये कलकत्त्याहून 'अल-हिलाल' सुरू केले तेव्हा त्यात फोटो छापले जात होते. माझा प्रश्न फोटोचा नाहीच, पेन्सिलीचा आहे. अक्सावर पेन्सिल फिरली की तो अक्स राहिला का? आमच्या ओळखीतल्या एका मौलवीसाहेबांना मी हे विचारले. ते जरा विचार करून म्हणाले, "शादी के फोटो का पूछ रही हो?" मी म्हणाले, "नै, पेन्शन के." ते हसले आणि चहा मागवला. उत्तर राहूनच गेले.

लग्नाच्या फोटोचेही सांगायला हवे खरे तर. २००४ मध्ये माझे बीएड होऊन वर्ष झाले होते आणि स्थळासाठी फोटो पाठवायचा होता. तो कोणी कसा उजळवला ते मी लिहीत नाही. इतकेच सांगते की सासूबाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांनी पर्समधून फोटो काढून मांडीवर ठेवला होता आणि चहा होईपर्यंत दोनदा खाली बघितले.

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये फोटोची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे माणसाचा फोटो हौसेने कमी आणि कारखान्यामुळे जास्त निघाला. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को, बजाज. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून जी माणसे या पट्ट्यात उतरली त्यांत अब्बा होते. त्यांचा आयुष्यातला पहिला फोटो गेटपासचा. गावी कोणाचा फोटो निघायचे कारणच नव्हते. इथे मात्र गेटपासला फोटो, कामगार विम्याच्या कार्डाला सगळ्या कुटुंबाचा फोटो, १९९३ नंतर मतदार ओळखपत्राला फोटो, आणि शेवटी पेन्शनला जोड फोटो. शेकडो कामगार घरांत नवरा-बायको पहिल्यांदा शेजारीशेजारी बसले ते एखाद्या फॉर्मच्या रकान्यासाठी. बडे लोक चित्रकाराला बसत, आमचे लोक फॉर्मला बसले. त्या फॉर्मच्या फोटोंतूनच आता आम्हाला आमचे आजी-आजोबा शोधावे लागतात.

म्हणून या फोटोंतल्या चेहऱ्याला कोणी हात लावला तर माझे पोट ढवळते. दुसरा फोटोच नाही.

पेन्सिलीची जागा संगणकाने घेतली ती आमच्या डोळ्यांदेखत. फोटोशॉप १९९० मध्ये निघाले, टॉमस आणि जॉन नॉल या भावांनी लिहिलेले. आमच्याकडच्या स्टुडिओंत ते पोचायला दहा-बारा वर्षे गेली. सीडी कुठून आली हे कोणी कोणाला विचारत नसे. २००२ च्या सातव्या आवृत्तीत एक नवे अवजार आले, हीलिंग ब्रश. आधीच्या अवजाराने एकीकडची कातडी उचलून दुसरीकडे चिकटवता येई, पण ठिगळ दिसे. हा ब्रश चांगल्या जागेचा पोत घेतो आणि डागाच्या जागेचा उजेड आणि रंग त्याच्याशी मिळवून घेतो. ठिगळ दिसतच नाही. चाचांचे तास-दीड तासाचे काम पाच मिनिटांवर आले. त्याचे नाव मात्र विचार करण्याजोगे आहे. हीलिंग म्हणजे जखम भरून येणे. अम्मीच्या जखमा १९५८ मध्येच भरल्या होत्या. वण म्हणजे तेच तर होते. भारतातली देवीची शेवटची रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात आसामातल्या करीमगंज स्टेशनवर सापडली, सैबन बीबी तिचे नाव. १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. नवे वण तेव्हापासून उमटायचे थांबले. जे वण उरले होते ते ह्या ब्रशने उतरवले.

पुसलेला चेहरा खोटा वाटतो, हे त्या बाबूने आम्हाला एका मिनिटात दाखवून दिले होते. तरी तीच चूक मी पुन्हा केली, आणि या वेळी ती माझ्या एकटीच्या घरातली नव्हती.

फातिमा शेख यांच्याबद्दल या पानावर मी पूर्वी लिहिले आहे, म्हणून थोडक्यात. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यांना घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि त्यांच्या घरच्या फातिमा शेख पुढे सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या. याचा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र. त्या आजारी होत्या, माहेरी होत्या, आणि आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडला असेल पण ती तक्रार करणार नाही, असे त्या लिहितात. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय'मध्ये हे पत्र आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते १९८८ मध्ये छापले. कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात मिळते.

आणि एक फोटो आहे. सावित्रीबाई आणि फातिमा शेख यांचा म्हणून जो दाखवला जातो तो. पुण्यातल्या 'मजूर' नावाच्या पत्रात विसाव्या शतकाच्या विशीत छापलेल्या चित्रापासून पुढे निगेटिव्हपर्यंतचा त्याचा प्रवास माळी सांगतात. आपल्यापर्यंत येतो तो छपाईची छपाई, फोटोचा फोटो होत. चेहरे इतके पुसट आहेत की कोण कोण हे चेहऱ्यांवरून नाही, खालच्या नावांवरून कळते. भुवया कुठे संपतात आणि सावली कुठे सुरू होते ते सांगता येत नाही.

९ जानेवारी २०२२ ला गुगलने फातिमा शेख यांचे डूडल केले आणि आमच्याकडे अचानक उत्साह आला. तारखेला समकालीन आधार नाही, पण निमित्त म्हणून चालले. शाळेत ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असतेच; पुढच्या वर्षी दोघींचा एक फ्लेक्स करायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मी फोटो घेऊन फ्लेक्सवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, हा फाटेल. सहा बाय चारला नुसते ठिपके दिसतील." ते खरेच होते. तो म्हणाला, "मी बनवतो." आणि मी, जिने आईच्या फोटोवरून स्टुडिओत आवाज चढवला होता, ती 'बनवा' म्हणाले.

त्याने बनवला. फातिमाबी दुधासारख्या गोऱ्या, ओठ गुलाबी, डोक्याला आजच्या मुली बांधतात तसा पांढराशुभ्र हिजाब, इस्त्रीचा. सावित्रीबाईंच्या कपाळी रुपयाएवढे कुंकू. दोघींच्या नाकाची ठेवण एकच, कारण त्याने एकच नाक दोनदा वापरले असावे. मुख्याध्यापकांना आवडला. पालकांना आवडला. मलाही, खरे सांगायचे तर, लांबून बरा वाटला. आठवीतली एक मुलगी बघून म्हणाली, "टीचर, ये तो सिरीयलवाली दिखरी." सगळ्या हसल्या. मीही हसले आणि दोन वर्षे तोच फ्लेक्स वापरला.

मग ९ जानेवारी २०२५ ला दिल्लीतल्या एका प्रसिद्ध पत्रकाराने जाहीर केले की फातिमा शेख ही बाई झालीच नाही, ती आपण कल्पनेतून रचली. दोन दिवसांत तो दावा सगळ्या फोनांवर पोचला. अभ्यासकांनी १८५६ चे पत्र समोर ठेवले, १९८८ चे पुस्तक ठेवले. ज्याला वाचायचे होते त्याच्यासाठी प्रश्न मिटला. पण आमच्याच स्टाफरूममधल्या एका सरांनी मला काय दाखवले? पुरावा म्हणून इंटरनेटवरची चित्रे. "बघा, एका चित्रात अशी, दुसऱ्यात तशी, तिसऱ्यात अजून वेगळी. खरी बाई असती तर चेहरा एक नसता का?" त्या ओळीत आमच्या फ्लेक्ससारखेही एक चित्र होते. मला उत्तर देताना पहिल्यांदा जीभ जड झाली. आमच्याकडे एक पुसट चेहरा होता. तो आम्हाला पुरला नाही. आम्ही त्याला नाक दिले, रंग दिला, हिजाब दिला, आणि आता बाईच खोटी ठरत होती.

चेहऱ्याचा रंग किती काम करतो याचे अमेरिकेतले एक उदाहरण पत्रकारितेच्या वर्गांत नेहमी देतात. जून १९९४ मध्ये खेळाडू ओ. जे. सिम्पसन याला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पोलिसांनी काढलेला त्याचा एकच फोटो 'न्यूजवीक'ने जसाच्या तसा छापला आणि 'टाइम'ने काळवंडून छापला. दोन्ही अंक दुकानात शेजारीशेजारी लागले म्हणून लोकांच्या लक्षात आले आणि गदारोळ झाला. गुन्हेगार करायचा तर काळा. मग आदरणीय करायचा तर? आमच्या फ्लेक्सवाल्याला हे कोणी शिकवले नव्हते. त्याला ते ठाऊकच होते.

आता तर फ्लेक्सवाल्याचीही गरज नाही. फोनमधले अ‍ॅप पुसट फोटो घेते आणि क्षणात पापणीचा केस न् केस दाखवते. लोक म्हणतात, फोटो 'स्पष्ट झाला'. जे फोटोत कधी उमटलेच नाही ते स्पष्ट कसे होईल? अ‍ॅपने लाखो चेहरे पाहिलेले असतात. त्यावरून इथे बहुधा असा डोळा असेल असा अंदाज बांधून ते नवा डोळा काढते. चाचांची पेन्सिल निदान समोरच्याच निगेटिव्हवर चाले.

पण मी जितकी ठामपणे हे लिहिते आहे तितकी ठाम प्रत्येक वेळी राहत नाही. गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. चाकणला कंत्राटी कामगार आहे, महाळुंगे-निघोजे भागात खोली घेऊन राहतो. तिथे कंत्राट बदलले की ठेकेदार बदलतो, ठेकेदार बदलला की नवा फॉर्म आणि नवे आठ पासपोर्ट फोटो. स्टुडिओवाल्याकडे कोट-शर्ट तयारच असतात. टी-शर्टवर गेलात तरी निळ्या कोटात बाहेर पडता. त्याने मला फोनवर आपला फोटो दाखवला. कोट होता, टाय होता. दाढी नव्हती. समोर मात्र मूठभर दाढी घेऊन उभा होता.

"काढलीस?" मी विचारले.

"नै टीचर. फोटो में निकाली."

फोटोसह अर्ज गेला की बोलावणे येत नव्हते म्हणे. त्याची शंका खरी की खोटी हे मला कळायचा मार्ग नाही. या फोटोने मात्र बोलावणे आले. गेटवर कोणी काही विचारले नाही. कोणाला तेवढा वेळ नव्हता. मी त्याला काय सांगणार होते? चेहऱ्याला हात लावू नकोस? त्याच ब्रशने आमच्या फातिमाबींना हिजाब चढवला होता आणि याची दाढी उतरवली होती. चढवला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. मी त्याला चहा पाजला आणि घरच्यांची चौकशी केली.

शाळेतला फ्लेक्स मी यंदा काढून ठेवला. त्याच्या जागी माळींच्या पुस्तकातला फोटो झेरॉक्स करून लावला, आहे तेवढाच, पोस्टकार्डाएवढा, आणि शेजारी १८५६ चे पत्र मोठ्या अक्षरांत मुलींकडून लिहून घेतले. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुली मराठी जोडाक्षरांशी झगडत ते वाचतात. फोटोपाशी जाऊन म्हणतात, "इसमें तो कुछ दिखताच नै." मग परत पत्राकडे येतात. एका पालकाने, जुना बोर्ड जास्त छान होता, अशी तक्रार केली आहे.

अम्मी २०२३ मध्ये गेली. अब्बा तिच्या आधीच गेले होते. तिच्या पेटीत तो पहिला फोटो तसाच होता, कडा जरा पिवळ्या पडलेल्या. धाकट्या बहिणीने तो मागितला आणि मी दिला. तिच्या घरी तो कपाटात आत लावलेला आहे. तो अम्मीला आवडला होता, मग तो खोटा म्हणून फाडायचा हक्क मला कोणी दिला? दुसरा, वणांचा, माझ्याकडे पेन्शनच्या फायलीत आहे. दोन्हींच्या मागे मी पेन्सिलीने नावे, साल आणि स्टुडिओची जागा लिहिली आहे. पहिल्याच्या मागे आणखी दोन शब्द, 'वण काढलेले'.

मागच्या ईदला बहिणीची मुलगी आमच्याकडे आली होती. सात वर्षांची. फाइल उघडी पडली होती, तिने फोटो उचलला आणि विचारले, "खालाजान, नानी के मुंह पे क्या हुआ था?" तिने नानीला पाहिले होते, पण तेव्हा ती फार लहान होती, नंतर कपाटातलीच नानी तिला ठाऊक. मी तिला जवळ बसवले आणि सांगायला लागले की फार वर्षांपूर्वी आपल्या गावात एक आजार यायचा, आणि तुझी नानी तेव्हा तुझ्यापेक्षाही एका वर्षाने लहान होती.